मारण्याच्या आधी काय झालं?

शाळेत दोन मुलांची जुंपली की मोठ्या माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "सुरुवात कोणी केली?" उत्तरही ठरलेलं. आमच्या बडोद्यात ते गुजरातीत येतं, घरी चोख मराठी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडूनसुद्धा: "बेन, एणे पहेला मार्यो!" दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. बेन किंवा साहेब त्यातल्या एकाचं खरं धरतात, दुसऱ्याला वर्गाबाहेर उभं करतात, आणि तास पुढे सुरू होतो.

माझं आयुष्य प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेलं. निवृत्तीनंतर आता मी दर आठवड्याला एका शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांबरोबर बसते. भांडणं, रुसवे, चिडवाचिडवी, राग हाच आमचा विषय. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. सुरुवात कोणी केली हे शोधून मुलाच्या हाती काही लागत नाही. मारण्याच्या आधी आपल्याला काय झालं, हे ज्या मुलाला सांगता येऊ लागतं, त्याचा हात पुढच्या वेळी थोडा उशिरा उठतो. आणि ज्या माणसाची भीती वाटते त्याला मूल हे कधीच सांगत नाही.

उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतर, शाळा उघडते तो आठवडा आमच्याकडे भांडणांचा. १४ आणि १५ जानेवारीला अख्खं शहर गच्चीवर असतं. मांज्याने कापलेल्या बोटांना पट्ट्या लावून मुलं वर्गात येतात, आणि कोणी कोणाचा कापला, कोणाचा लुटला याचे हिशेब मधल्या सुट्टीत चुकते होतात. अशाच एका आठवड्यात सहावीतल्या एका मुलाने वर्गमित्राला जिन्यावरून ढकललं. ओठ फाटला, शर्टावर रक्त. सगळे म्हणाले, पतंगावरून झालं. मी त्या मुलाला घेऊन वाचनालयाच्या खोलीत बसले.

"आधी काय झालं?"

"त्याने माझा पतंग लुटला."

"त्याच्या आधी?"

बराच वेळ तो गप्प होता. मग तुकड्यातुकड्याने आलं. दोन्ही दिवस गच्चीवर त्याच्या हातात कोणी दोर दिलाच नव्हता. इतरांनी उडवायचा, "काप्यो छे!" म्हणून ओरडायचं, आणि याने मागे उभं राहून फिरकी धरायची. शाळेच्या जिन्यात कोणीतरी सगळ्यांसमोर तेच काढलं, "अरे, हा तर फिरकीवाला!" आणि सगळे हसले.

"मग माझे कान गरम झाले," तो म्हणाला.

"मग?"

"मग तो पडला."

कान गरम झाले आणि तो पडला, या दोन वाक्यांच्या मध्ये याने स्वतः काय केलं ते त्याच्या सांगण्यात नव्हतंच. तो लपवत नव्हता. त्याच्या लेखी मध्ये काही घडलंच नव्हतं. अपमान झाला आणि समोरचा पडला, इतकं ते जवळजवळ होतं. मोठ्यांचीही कधी कधी हीच गत होते, पण मुलांचं कारण शरीरातच आहे. उसळी मारणारा मेंदूचा भाग लहानपणीच जोरात असतो, आणि थांब म्हणणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. म्हणून अकरा-बारा वर्षांच्या मुलाला "तुला कळत कसं नाही?" असं विचारणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला कळतं. त्या क्षणी कळलेलं वापरता येत नाही. ते वापरता यावं यासाठी सराव लागतो, आणि हा सराव शाळेत देता येतो.

हा विषय किरकोळ वाटत असेल तर आपल्याच भागातल्या दोन घटना आठवून बघा. जून २०१८ मध्ये बडोद्यातल्या एका शाळेच्या स्वच्छतागृहात नववीतल्या मुलाचा खून झाला, आणि पोलिसांनी ताब्यात घेतला तो त्याच शाळेतला मोठ्या वर्गातला विद्यार्थी. ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादेत शाळकरी मुलांच्या भांडणात चाकू निघाला आणि दहावीतला मुलगा गेला. ज्याच्यावर आरोप आला तो आठवीतला. असं काही झालं की चार दिवस दप्तरं तपासण्याची, कॅमेरे वाढवण्याची चर्चा होते. तपासा, जरूर तपासा. पण चाकू दप्तरात यायच्या आधी बराच काळ काहीतरी त्या मुलाच्या मनात ये-जा करत असतं, आणि ते बघायला कॅमेरा पुरत नाही. एका तासिकेने अशा घटना टळल्या असत्या असं मी म्हणणार नाही. मी बोलते आहे ते त्याच्या कितीतरी खालच्या पायरीवरच्या, रोजच्या मारामाऱ्यांबद्दल, ज्या आपण "मुलं आहेत, चालायचंच" म्हणून सोडून देतो.

या शिकवण्याला जगभर सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणतात. अमेरिकेत १९९४ पासून कॅसेल नावाची संस्था याचा आराखडा करते आहे: स्वतःला काय होतंय ते ओळखणं, ते आवरणं, दुसऱ्याला काय होतंय ते ओळखणं, नाती सांभाळणं, विचार करून निर्णय घेणं. ऐकायला हे सगळं नेहमीच्या मूल्यशिक्षणासारखंच वाटतं. फरक रीतीत आहे. आपल्या घरांत संध्याकाळी दिवा लावल्यावर क्रोध आवरायला सांगणारे श्लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हटले गेले, शाळेत रोज फळ्यावर सुविचार लिहिला गेला, प्रार्थनेनंतर प्रतिज्ञा झाली. ते मला प्रिय आहे. पण ऐकून कोणाला तबला येत नाही, हात बसावा लागतो. रागाचंही तसंच आहे.

हात बसवायचा म्हणजे काय करायचं? लहान मुलांना आम्ही कासव शिकवतो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात हे तंत्र वर्गात आणलं. राग आला की हातपाय जवळ घ्यायचे, मान खाली, आतल्या आत तीन लांब श्वास, आणि मग काय बोलायचं ते ठरवून डोकं बाहेर काढायचं. स्थितप्रज्ञाचं वर्णन कानावर पडत वाढलेल्या घरांना हे कासव अनोळखी नाही. पण गंमत बघा, आपण ते ऋषिमुनींसाठी ठेवलं आणि पहिलीतल्या मुलाला कधी करून दाखवलं नाही. करायचं ते शांत असताना, पुन्हा पुन्हा, हसतखेळत. भांडण पेटल्यावर "कासव हो" म्हणून ओरडण्यात काही अर्थ नसतो.

मोठ्या मुलांसाठी प्रसंग करून बघायचे. पाण्याच्या नळापाशी रांगेत कोणी मध्ये घुसलं. एकाने घुसायचं, एकाने चिडायचं, बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं. मी टाळी वाजवली की सगळे जिथल्या तिथे थांबतात. चिडलेल्याला विचारायचं, "आत्ता अंगात कुठे काय होतंय?" कोणी म्हणतं पोटात गोळा, कोणी म्हणतं दात आवळले, कोणी म्हणतं रडू येतंय. मग तोच प्रसंग वेगळ्या शेवटाने. मग भूमिका बदलून. घुसणाऱ्याला रांगेत उभं केलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. सातवीतली मुलं पहिले काही आठवडे लाजतात, टवाळी करतात. त्यांना तेवढा वेळ द्यावा लागतो.

याचा उपयोग होतो का, हे कोणीतरी मोजलं आहे का, असं लोक विचारतात. विचारायलाच हवं. सिएटलच्या परिसरातल्या १२ शाळांत दुसरी-तिसरीच्या मुलांना असे सुमारे ३० धडे देऊन १९९७ साली निष्कर्ष छापले गेले. कोणत्या शाळेत धडे झाले हे ठाऊक नसलेल्या निरीक्षकांनी मुलांना मैदानावर आणि जेवणाच्या जागी पाहिलं. धडे झालेल्या शाळांत ढकलाढकली, मारणं कमी झालेलं दिसलं. मला त्यातली दुसरी नोंद जास्त विचार करायला लावते: शिक्षकांनी आणि पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांत मात्र हा फरक उमटला नव्हता. बदल झाला होता तो जिथे मोठं माणूस जवळ नसतं तिथे. "काही फरक नाही हो" असं शिक्षकांच्या खोलीत कोणी म्हणालं की मी त्यांना मधल्या सुट्टीत नळापाशी जाऊन उभं राहायला सांगते.

पण सगळंच लागू पडतं असंही नाही. ब्रिटनमध्ये ८० हून अधिक शाळांत, ८००० हून जास्त मुलांना वर्गात सजगतेचं ध्यान शिकवून पाहिलं. २०२२ मध्ये निकाल आला की नेहमीच्या शिक्षणापेक्षा त्याने मुलांच्या मनःस्थितीत काही विशेष सुधारणा झाली नाही. डोळे मिटून दोन मिनिटं शांत बसा, एवढ्यावर जे थांबतात त्यांनी याची नोंद घ्यावी. मुलाचा राग एकट्याच्या आत बसून येत नाही. तो दुसऱ्या मुलासमोर येतो, इतरांच्या देखत येतो, आणि तो आवरायचा सरावही इतरांबरोबरच करावा लागतो.

इतरांच्या देखत, यावर मला थोडं थांबायचं आहे. जिन्यातल्या त्या प्रसंगात सर्वांत मोठा वाटा कोणाचा होता? हसणाऱ्यांचा. टोरांटोच्या शाळांत संशोधकांनी मैदानावरची छळवणूक चित्रित करून तपासली, तेव्हा १०० पैकी ८८ प्रसंगांत भोवती दुसरी मुलं होती. त्यांनी मध्ये पडण्याचं प्रमाण १९ टक्के. पण जेव्हा कोणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांच्या आत तो प्रकार थांबला. दहा सेकंद! आपण मारणाऱ्या मुलाला समुपदेशकाकडे पाठवतो, मार खाल्लेल्याला औषध लावतो, आणि गोल करून उभ्या असलेल्या वीस मुलांना "चला, वर्गात जा" म्हणतो. खरा धडा त्या वीसजणांना द्यायला हवा. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाने तयार केलेला किवा हा कार्यक्रम याच विचारावर उभा आहे, आणि २००९ पासून तो तिथल्या शाळांत देशभर पसरला. बघणाऱ्याने हिरो व्हायचं नसतं. हसायचं नाही. "चल, आपण जाऊ" म्हणून ज्याला चिडवतायत त्याला बाजूला घ्यायचं. नाहीतर मोठ्या माणसाला बोलवायचं. एवढंच.

मग मुलं हे करत का नाहीत? मी विचारलं तेव्हा एका मुलीने सरळ सांगितलं, "साहेबांना सांगितलं तर ते दोघांना मारतात. मग ती दोघं मिळून मला." यावर मला काय उत्तर असणार? भीती अशी एकावर एक रचलेली असते. मोठ्या मुलाची भीती, त्याच्यावर साहेबांची भीती, आणि या सगळ्याच्या तळाशी असलेलं मूल गप्प.

"सोटी वागे चमचम, विद्या आवे घमघम" असं इथले गुजराती शेजारी म्हणतात, आणि आपण "छडी लागे छमछम". दोन्ही भाषांनी मिळून मुलांच्या पाठीवर केवढं ओझं ठेवलं! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली. छडी बऱ्याच ठिकाणी गेली, कान पिळणं, अंगठे धरायला लावणं, सगळ्यांसमोर "तुझ्या डोक्यात भुसा आहे" म्हणणं अजून कुठे कुठे उरलं आहे. याच गुजरातेत, भावनगरला, १९२० साली गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर काढलं, पुढे आपल्या ताराबाई मोडक त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला. शिक्षा नाही, धाक नाही, तरीही मूल शिकतं, हे दोघांनी करून दाखवून आता शंभर वर्षं होतील. आपण त्यांच्या जयंत्या करतो.

बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातला प्रयोग मी भेटेल त्या मुख्याध्यापकांना सांगते. गोव्याच्या संगथ या संस्थेने तिथल्या ७० हून अधिक सरकारी माध्यमिक शाळांत नववीच्या मुलांसाठी सेहेर नावाचा एक कार्यक्रम चालवला. प्रार्थनेच्या वेळी गप्पा, भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, मुलांचे गट, आणि हवं त्याला एकट्याने बोलायची सोय. काही शाळांत हे काम शिक्षकांकडे दिलं, काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांकडे. त्यांना सेहेर मित्र म्हणत. २०१८ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात निकाल आला. मित्रांनी चालवलेल्या शाळांत दादागिरी कमी, मारामारी कमी, उदासी कमी, शाळेचं वातावरण बरं. तोच कार्यक्रम शिक्षकांनी चालवला तिथे काही फरक पडला नाही.

मी शिक्षिका आहे आणि हा निकाल वाचून मला वाईट वाटलं. शिक्षकांवर वर्गाचा, परीक्षांचा, निवडणुकीच्या याद्यांचा, माहिती भरण्याचा किती भार असतो हे मी जाणते. पण भार हे पूर्ण उत्तर नाही, असं मला वाटतं. जो गुण देतो, ज्याच्या हातात शिक्षा आहे, ज्याने काल सगळ्यांसमोर उभं केलं, त्याला मूल आज मनातलं कसं सांगेल? सेहेर मित्राकडे गुणपत्रक नव्हतं. म्हणून शिक्षकांना वगळा असं मी म्हणत नाही. युगांडातल्या लुवेरो जिल्ह्यात ४२ प्राथमिक शाळा अभ्यासासाठी निवडल्या, आणि त्यातल्या निम्म्या शाळांनी आधी स्वतःच्या शिक्षकांचं वागणं बदलायचं काम केलं. दीड वर्षाने, जिथे हे काम झालं नव्हतं तिथे मागच्या आठवड्यात शिक्षकांकडून मार खाल्ल्याचं जवळपास निम्मी मुलं सांगत होती. जिथे झालं तिथे ३१ टक्के. ३१ हा आकडाही भयंकरच आहे. पण शिक्षक बदलू शकतात, हे त्यातून दिसतं.

एक गोष्ट मला अगदी स्पष्ट सांगायची आहे. मुलांना राग येऊच नये असं मला शिकवायचं नाही. कमाटीबागेत सहली येतात त्या वाघ बघायला. जवळच बाबासाहेबांची आठवण जपणारी संकल्पभूमी आहे, तिथेही मी मुलांना नेते. ज्या संस्थानाने परदेशी शिकायला शिष्यवृत्ती दिली त्याच्या सेवेत सप्टेंबर १९१७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला आले, आणि जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी सरायीतून लोकांनी लाठ्या घेऊन बाहेर काढलं. तो राग गिळायचा नव्हता, त्यातून पुढे केवढं काम उभं राहिलं. आजही वर्गात कोणाला आडनावावरून, वस्तीवरून, रंगावरून, डब्यातल्या भाजीवरून टोचलं जातं. अशा मुलाला "श्वास घे, शांत हो" एवढंच शिकवलं तर आपण टोचणाऱ्याच्या बाजूला उभे राहतो. त्याला आधी ऐकवायला हवं की तुझा राग बरोबर आहे, आणि तो मांडायला मी तुझ्यासोबत येते. तंत्रं त्यानंतर.

पालकसभेत एक वडील उठून म्हणाले, "ताई, तुमचं सगळं ऐकलं. पण आमच्या पोराने मार खाऊन घरी यायचं का? मी तर त्याला सांगितलंय, एक खाल्लीस तर दोन ठेवून ये." बऱ्याच माना हलल्या. शेजारच्या आजोबांनी भर घातली, पोरांना आखाड्यात घाला, सगळं सरळ होतं. दांडिया बाजारातला माणिकरावांचा आखाडा त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. आजोबांचं अर्धं मला पटतं. जुम्मादादा या मुसलमान उस्तादाचं नाव त्यांचे शिष्य माणिकराव यांनी त्या व्यायाम मंदिराला दिलं आणि ते आजवर टिकलं, असं गुरुशिष्यांचं नातं जिथे असतं तिथे मुलगा हरायला लाजत नाही. कुस्तीत समोरच्याची पाठ लागली की सोडायचं असतं, आणि सोडणं हाताला तिथे रोज शिकवलं जातं. पण नुसतं बळ वाढवून, वस्तादाशिवाय, मुलगा शहाणा होतो असं मला कधी दिसलं नाही.

त्या वडिलांना मी म्हटलं, नाही, मार खाऊन यायचं नाही. त्याने मोठ्याने "थांब" म्हणायचं, तिथून निघायचं, आणि मोठ्या माणसाला सांगायचं. आणि त्या मोठ्या माणसाने त्याला चुगलखोर म्हणायचं नाही, दोघांना सारखंच झोडपायचंही नाही. तुमच्या मुलाचं काम तीन पायऱ्यांचं आहे, चौथी आमची. आम्ही ती नीट केली नाही तर तुमचं "दोन ठेवून ये" हेच त्याला खरं वाटणार. अभ्यास बुडेल का, हे त्यांनी पुढे विचारलंच. २०११ मध्ये अशा २१३ कार्यक्रमांचा, २ लाख ७० हजार मुलांचा एकत्र अभ्यास झाला होता. त्यात वागणुकीबरोबर अभ्यासातली प्रगतीही वाढलेली दिसली. घाबरलेलं मूल भागाकार करू शकत नाही हे मात्र मला त्याशिवायही ठाऊक होतं.

सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, देशात कोणी तसा विचारही फारसा करत नव्हतं तेव्हा. ज्या शहराने मुलांना शाळेत यायला भाग पाडलं, त्याने ती तिथे निर्धास्त राहतील हेही बघायला हवं. मी जिथे जाते त्या शाळेच्या विश्वस्तांपुढे माझ्या तीन मागण्या ठेवल्या आहेत. आठवड्यातून एक तासिका, जी गणिताचा पोर्शन राहिला म्हणून कोणी काढून घेणार नाही. प्रत्येक शिक्षकाला सुट्टीत या कामाचं प्रशिक्षण, शिपाई आणि रिक्षावाले काकांनाही बोलावून, कारण निम्मी भांडणं रिक्षातच होतात. आणि शाळेत एक माणूस असा, ज्याच्या हातात ना गुण ना शिक्षा, आणि ज्याच्या खोलीचं दार मधल्या सुट्टीत उघडं असेल. पहिल्या दोन मान्य झाल्या आहेत. तिसरीसाठी पगाराची तरतूद लागते, म्हणून ती जूनपर्यंत लांबली आहे. बडोद्यात कोणाच्या शाळेने अशी सोय केली असेल, तर ती कशी केली, खर्च कुठून उभा केला, हे मला जरूर कळवा. सभेत ठेवायला उपयोगी पडेल.